महाराजांचा एक घोट

डॉक्टरीणबाईंना त्या सभेतून एकच गोष्ट कमवायची होती: महाराजांची फजिती, तीही धाकट्या बहिणीच्या डोळ्यांदेखत.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर महाराजांचा जुना फोटो, त्यात ते दारात न मावणारे. खाली खुर्चीत तेच महाराज, काठीसारखे.

"माझ्या आतड्यात सात्त्विक जंतू नांदतात! चरबी खातात, तेज देतात! तेच या बाटलीत आहेत. रोज एक घोट. बाकी औषधं बंद, नाहीतर जंतू रुसतात!"

इतके मानी जंतू बाईंनी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. पण त्यांच्या रुसव्यापायी धाकटीने इन्सुलिन सोडलं होतं, आणि आता तिच्या एका डोळ्यापुढे काळं जाळं धरलं होतं.

"ताई, तमाशा करू नकोस हं."

"छे गं! मी फक्त भक्ती करणार."

महाराज चिमणीच्या चोचीएवढा घोट घेत, थांबत, मग दुसरा घेत. भक्तांना ती साधना वाटे. बाईंच्या वॉर्डात मात्र वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले रोगी असंच पीत.

बाईंनी महाराजांच्याच चार बाटल्या एका मोठ्या पेल्यात ओतल्या. "महाराज, घोट आम्हा पामरांना. आपण हा एका दमात घ्या!"

"आज... उपवास आहे."

"आपल्याच अमृताने मोडतो होय?"

लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. "एका दमात! एका दमात!" भक्तांचं प्रेम पळायला वाट ठेवत नाही. महाराज प्यायले.

आशीर्वादाची रांग अर्धीही सरकली नव्हती, तोच महाराज घामाने निथळले, थरथरले, पोट धरून वाकले.

"अंगात आलं!" कुणीतरी ओरडलं.

बाईंनी नाडी पाहिली. "जिवाला धोका नाही," त्या जराशा नाराजीनेच म्हणाल्या. "अंगात नाही, आतड्यात आलंय. जठर लहान करून आतडं वळवून जोडलेल्या माणसाने साखरपाणी ढोसलं की असंच होतं. महाराज, सदरा तुम्ही वर करता की मी करू?"

महाराजांनी मान खाली घालून सदरा उचलला. पोटावर शस्त्रक्रियेचे बारीक व्रण होते.

"या शस्त्रक्रियेनंतर पोटातले जंतू बदलतात, हे खरं. वजनाला त्यांचा किती हातभार लागतो, ते शास्त्रज्ञ अजून तपासताहेत. पण यांचं पोट बदललं ते सुरीने. तुम्हाला विकलं ते साखरपाणी!"

"म्हणजे मी... रोज साखर पीत होते?" धाकटीने विचारलं.

"हो. आणि मी सांगत होते, तेव्हा कान झाकत होतीस."

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी प्रश्न विचारा, आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नका.

मागच्या दाराने पळताना महाराजांची गादी गेली, चपलाही गेल्या. भक्तांनी शरम गिळली, एका दमात. बाईंचा सूड पुरेपूर वसूल झाला. धाकटीने घरी येऊन मुकाट्याने इन्सुलिनसाठी दंड पुढे केला. पण त्या डोळ्याने ताईचा चेहरा तिला पुन्हा स्पष्ट दिसला नाही.