जन्मापासून नाही

डॉक्टरीणबाईंनी चिमीच्या पापणीवरचा लाल फुगवटा बोटाने हलकेच दाबला, सोडला. रक्त पुन्हा भरून आलं. पोर कोकलली.

"जन्मापासून आहे?"

"जन्मखूणच ती," आईच्या आधी आजी बोलली. "आईच्या पोटातूनच घेऊन आली."

आईने ओठ चावला. येईल-जाईल त्याला सासू हेच सांगायची. पाहुणे पाळण्यात डोकावायचे आणि मग आईच्या पोटाकडे बघायचे. 'गरोदरपणी काय खाल्लंस गं?' ताईंनी, नणंदेने, हसत हसत विचारलं होतं. खूण फुगत चालली, डोळा अर्धा झाकला, तरी सगळे जन्मखूण म्हणून मोकळे.

"मग रक्तवाहिन्यांची घडणच चुकलेली असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती औषधाने जात नाही. पुढे लेझरचं–"

"जन्मापासून नाही!" आईचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "जन्मली तेव्हा पापणी कोरी होती. नंतर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका आला. मग वाढतच गेला."

"अगं, लोकांसमोर काय–"

"आई, तुम्ही गप्प बसा. डोळा हिचा जातोय, तुमचा नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा वाकून पाहिलं. "मग गोष्टच वेगळी. ही रक्तवाहिन्यांच्या पेशींची गाठ. आधी भराभरा वाढते, पुढे काही वर्षांत आपोआप विरते. पण पापणीवर असली तर वाट बघायची सोय नाही. झाकलेला डोळा बघायलाच शिकत नाही. हृदय तपासून लगेच औषध सुरू करू." मग आजीकडे वळून, "तुम्ही जन्मापासून का म्हणालात?"

सासू स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"अंघोळ मी घालायचे," ती पुटपुटली. "वाटलं, माझ्याच चोळण्याने..."

"चोळून हे होत नाही, आजी. आईच्या खाण्यानेही नाही. कुणाचाच दोष नाही यात."

सासूने एवढा मोठा श्वास सोडला की चष्म्यावर वाफ धरली. डोळे पुसत तिने हात पुढे केले.

"दे गं तिला. मी घेते."

आईने चिमीला आणखी घट्ट धरलं. रोज ते तोंड सासूनेच धुतलं होतं. पापणी कोरी होती हे हिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"घरी चला," ती म्हणाली. "आधी ताईंना बोलवा, त्यांच्यासमोर हे सगळं सांगा. मग घ्या."