कोरी पट्टी

"बावीचं पानी हाय," बाटली टेबलावर ठेवत ठमाबाई म्हणाली. "सुनंचं हात मनगटातून लोंबतान. पोटात कळा येतान. डाक्टर बोलला, पानी तपासा."

वासंतीने बाटली उजेडात धरली. विहिरीचं पाणी नितळ होतं.

१९५५ साल. ठाण्याच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत वासंतीला दोन वर्षं झाली होती. तेलं, साबण, औषधं तपासायची. विहिरीचं पाणी क्वचितच यायचं. ठमाबाईचं घर खाडीकाठच्या पाड्यावर होतं आणि पाड्यामागे जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायची भट्टी. काय शोधायचं ते वासंतीला कुणी सांगावं लागलं नाही.

तिने लिटरभर पाण्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून ते चमचाभर उरेपर्यंत आटवलं. त्याचा थेंब गाळणकागदाच्या लांब पट्टीवर ठेवला आणि पट्टीचं टोक बंद बरणीतल्या द्रावणात बुडवलं. द्रावण कागदातून चढतं आणि एकेक धातू आपापल्या उंचीवर थांबतो. शेजारच्या पट्टीवर नुसतं शुद्ध पाणी, तसंच ॲसिड घालून आटवलेलं. ती कोरी राहायला हवी होती.

सकाळी तिने पट्ट्यांवर धातूंचे डाग उमटवणारा वायू सोडला. शिशाच्या उंचीवर बावीच्या पट्टीला तपकिरी ठिपका उमटला. कोऱ्या पट्टीलाही उमटला, जरा फिकट.

"ॲसिडातच शिसं आहे," प्रयोगशाळेचे मालक गुरुदत्त म्हणाले. "बाजारातला माल. पाण्याबरोबर त्यातली घाणही तुम्ही दाट केलीत. या पट्ट्यांवर रिपोर्ट दिला तर भट्टीवाला आपल्याला कोर्टात उभं करेल."

"पण बावीचा ठिपका गडद आहे, सर."

"शपथेवर सांगाल?"

त्यांचं चूक नव्हतं, तेच तिला सलत होतं.

अतिशुद्ध ॲसिड मुंबईच्या व्यापाऱ्याकडून मागवलं. माल विलायतेहून यायचा, तीन आठवडे लागणार होते. गुरुवारी ठमाबाई निकालाला आली.

"मंग तवर बावीचं पानी पियाचं का नाय, बाय?"

गुरुदत्तांच्या खोलीचं दार उघडं होतं.

"अजून नक्की काही सांगता येत नाही," वासंती म्हणाली.

ठमाबाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "म्हंजे वाईट नाय," असं म्हणून ती निघूनही गेली. तिला हाक मारावी असं वासंतीच्या ओठांवर आलं होतं. तिने मारली नाही.

त्यानंतर डोंबिवलीला घरी पाण्याचा पेला उचलला की तिचा हात थबकायचा. रोज सकाळी ती पार्सलाची चौकशी करायची. बाविसाव्या दिवशी लाखेने बंद केलेली बाटली आली. दुसऱ्या दिवशी कोरी पट्टी खरंच कोरी राहिली. बावीच्या पट्टीवर ठिपका होता, पहिल्याहून फिकट, पण ठसठशीत.

गुरुदत्तांनी दोन्ही पट्ट्या बराच वेळ न्याहाळल्या आणि सही केली. "टपालाने नको. स्वतः जा."

पाड्यावर, अंगणात ठमाबाईची सून तुळसा बसली होती. तिचे हात ओल्या फडक्यासारखे मांडीवर पडले होते. चार दिवसांपूर्वी तिला सातव्या महिन्यात मेलेलं मूल झालं होतं.

"सुईन बोलली, पानी भरपूर पी," ठमाबाई म्हणाली. "तुमीबी पिऊ नको असं नाय बोलल्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. वासंतीने रिपोर्ट वाचून दाखवला. त्याच दुपारी बावीवर फळ्या ठोकल्या. फळ्या ठोकल्याचं ऐकून शेजारच्या पाड्यांवरून बाया बाटल्या घेऊन आल्या. अकरा बाटल्या.

"निकाल येईपर्यंत या बावींचं पाणी कुणी पिऊ नका," या वेळी वासंतीने बजावलं.

"मंग काय पियाचं?" एकीने विचारलं.

वासंतीने खाडीकडे पाहिलं. तिथलं पाणी खारं होतं.

अकरापैकी नऊ पट्ट्यांवर ठिपका उमटला. गुरुदत्तांनी नऊही रिपोर्टांवर सही केली. तुळसाचा उजवा हात दिवाळीपर्यंत थोडा वर येऊ लागला, डावा नाहीच. भट्टी पुढचं वर्षभर चालू होती.