इंझोरीच्या बाबाची खोळ

शालिकराम मास्तरांची हजेरी दोन ठिकाणी लागत असे. सोमवार ते शनिवारची मी मांडायचो, कारण मंगरूळपीरच्या त्या शाळेचा कारकून मी. रविवारची त्यांच्या बायको, पंचफुलावहिनी, मांडायच्या. बाजारात भाजीची टोपली उतरवता उतरवता त्या मला ऐकवत, "ह्या म्हैन्यात चार रविवार आले, भाऊ. चारही त्या दगडाले गेले. माही माय खाटेवर पडून हाय, तिले एक नाही आला."

मास्तर चित्रकला शिकवत. म्हणजे पोरांकडून फुलदाणी काढून घेत आणि स्वतः एका जाड वहीत साऱ्या जगाच्या कलेचा इतिहास लिहीत. गुहेतला रानरेडा, मिसरच्या एका अंगानं चालणाऱ्या राण्या, अजिंठा, मोगलांची बारीक कलमं, युरोपातली तेलचित्रं, आणि शेवटी ती नवी चित्रं, ज्यांत दोन्ही डोळे एकाच गालावर असतात. मागून आणलेल्या पुस्तकांतून प्रत्येक चित्र त्यांनी स्वतः उतरवलं होतं. हेडमास्तरांनी एकदा ती वही चाळली आणि परत देताना म्हटलं, "सगळं जग आलं की. आपल्या इकडचं काय?"

हेडमास्तर बोलून चहाला गेले. मास्तरांचं मात्र त्यानंतर जेवणात लक्ष राहिलं नाही.

इंझोरीच्या अलीकडे एक तांडा आहे. तांड्याबाहेर निंबाखाली तांडेकऱ्यांचा बाबा. बाबा म्हणजे छातीएवढ्या उंचीचा शेंदराचा ढीग आणि त्यावर काजळाची मिशी, बाकी काही नाही. पण एका उन्हाळ्यात पायथ्याशी पोपडा सुटला होता आणि त्यातून दगडी पायाची तीन बोटं बाहेर आली होती. मास्तरांनी ती पाहिली, आणि बस चुकवली.

"नखं पाहा," ते मला म्हणाले. "दीड हजार वर्सं झाली असतीन, तरी नखाची कोर शाबूत हाय. ज्यानं नख एवढं जीव लावून केलं, त्यानं चेहऱ्याचं काय केलं असन?"

तांड्याचा नाईक हरिसिंग. शेंदूर खरवडू द्या म्हटल्यावर त्यानं मास्तरांकडे असं पाहिलं, जसं कोणी त्याच्या बापाचं धोतर मागितलं.

"खोळ आमी काढत नसतो, मास्तर. बाबा सोताच टाकते. साप कात टाकते तशी."

"कवा?"

"आता बाबाले कोण विचारीन? माह्या आजाच्या वक्ती पडली होती. अमावास्येची रात होती. उजाडाच्या आंधी झाकलं, कोणाले काई दिसलंबी नाही."

म्हणजे दोन पिढ्यांत एकदा. मास्तर चोपन्न वर्षांचे. त्यांच्या हयातीत पडली तर एकदाच, नाहीतर त्यांच्यापुरता दगड कायमचा बंद. तीन वर्षं दर रविवारी ते जाऊन बसले. तांड्याच्या पोरांना घोडा काढून दिला, हरिसिंगाच्या तंबाखूचं कौतुक केलं, आणि अखेर त्याच्याकडून शब्द घेतला. खोळ पडली की निरोप यायचा, आणि मास्तर येईस्तोवर झाकायचं नाही.

सत्तावन्न सालच्या चैत्रात, ऐन परीक्षेच्या दिवसांत, तांड्यावरचा प्रेमसिंग सकाळच्या बसनं आला आणि शाळेच्या दारात उभा राहून म्हणाला, "पडली."

मास्तरांनी हातातला खडू माझ्या टेबलावर ठेवला. रजेचा अर्ज मीच लिहिला, सहीही बहुतेक मीच केली, आणि त्यांच्या तब्येतीचा भरवसा वाटेना म्हणून सोबत गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. निंबाभोवती चार बल्ल्या रोवून बायांनी लुगड्यांचा आडोसा केला होता. आडोशाच्या दाराशी हरिसिंगाची आई धुरपताबाई बसलेली. पडलेल्या खोळीचे तुकडे पाटीत होते. वीतभर जाडीचे, कापलं तर झाडाच्या खोडासारखे थर दिसतील असे. हरिसिंग दूर उभा होता आणि आमच्याकडे बघत नव्हता.

"नाईक, मी आलो," मास्तर वही काढत म्हणाले.

"आले ते बरं झालं," धुरपताबाई म्हणाली. "तुमी येईस्तोवर झाकाचं नाही असा शबुद होता. पोरानं पाळला. आता आले तुमी." तिनं आडोशातल्या सुनेला हाक दिली. "रुपा, घे शेंदूर कालवाले."

"अन् पाह्याचं?"

"ते होत नाही. बाई हाय ते."

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग हरिसिंग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "खोळ पडली अन् आतून बाई निंगाली, मास्तर. अंगावर धागा नाही. आमी दहा पिढ्या बाबा बाबा करून राह्यलो."

"पण तू शब्द देल्ला होता."

"शबुद देल्ला तवा तो बाबा होता."

मास्तर म्हातारीकडे वळले. "धुरपतामाय, अजिंठ्याच्या लेण्यात अशा किती बाया हायेत. सारं जग येऊन पाह्यते."

"तिथल्या बायायले पाठीमांगं कोणी नसन. इले आमी हावो. चला, माणसायनं पाठ करा."

मग आम्ही पाठ केली. हरिसिंग, प्रेमसिंग, मास्तर आणि मी, गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे एका रांगेत, तोंडं भेगाळलेल्या रानाकडे. मागं जवसाचं तेल शेंदरात पडलं आणि त्याचा वास आला. मास्तर एकदम म्हणाले, "युरोपातबी रंग जवसाच्याच तेलात कालवत." ऐकायला कोणी नव्हतं.

त्यांची मान दोनदा अर्धी वळली आणि दोनदा परत आली. मी म्हटलं, "पाहून घ्या की. तुमाले कोण फाशी देते?" पण त्यांनी तीन वर्षं ज्या घरचं पाणी प्यायलं, तिथली म्हातारी पाठ करा म्हणाली होती.

थोड्या वेळानं त्यांनी रानाकडे बघतच हाक मारली. "रुपाबाई, सांगशीन का मले, कशी हाय? लावाच्या आंधी फक्त सांग."

हरिसिंगाची बायको सासूकडे बघत असावी. मग तिचा आवाज आला. "इचारा."

"उजवा हात?"

"वर हाय."

"वर म्हंजे कसा? फांदी धरली का?"

"असन. नाहीतर कायले कोणी इतका वखत हात वर धरीन? पन फांदी तं मोडली."

मास्तरांची पेन्सिल चालू झाली. "अन् कंबर?"

"एकीकडं गेली. कडेवर लेकरू घेतल्यावर जाते ना, तशी. पन लेकरू नाही."

"केस?"

"डोकं धुवून उन्हात बसलेल्या बाईवानी."

"चेहरा सांग, माय. चेहरा."

"चेहरा झिजला, मास्तर. पन हासून राह्यली."

"झिजलेला चेहरा हासते कसा? डोळ्यानं, का ओठानं?"

"आता हासते त्याले मी काय सांगू? तुमी पाह्यलं असतं तं तुमाले समजलं असतं."

हे ती खोचून बोलली नव्हती. तरी मास्तरांचा हात थांबला. मी वहीत डोकावलो. वर गेलेला हात, झुकलेली कंबर, लांब पापण्या. चित्र चांगलं होतं. मास्तर बराच वेळ त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही अजिंठ्याची हाय. हाताले तेवढीच येते." मग पुसायला रबर शोधलं, ते शाळेत राहिलं होतं. मागं ओल्या शेंदराचे हात दगडावर पडत होते, थप थप, जशी भिंत सारवतात.

लुगडी सोडली तेव्हा निंबाखाली पुन्हा ढीग होता. नवा, ओला, झळझळीत.

"मिशी राह्यली," हरिसिंग म्हणाला. दरसाल मिशी धनसिंग काढायचा, तो खानदेशात मजुरीला गेलेला. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. तिथं रंगाचा हात असलेले ते एकटेच.

"बाईले मिशी?" मास्तरांनी विचारलं.

"लोकायनं नवस बाबाले बोलले हायेत," धुरपताबाई म्हणाली. "बाहेर बाबाच राहू द्या. आत कोन हाय ते आमाले ठाव हाय."

प्रेमसिंगानं काजळाची वाटी आणि चिंधी गुंडाळलेली काडी पुढं केली. मास्तर गुडघ्यांवर बसले. "पिळाची का साधी?"

"पिळाची."

त्यांनी हात टेकायला डाव्या हाताचं बोट ओठाचा कोपरा असेल तिथं शेंदरावर ठेवलं आणि उजवीकडची मिशी काढली. मग डावीकडची. रेघ कुठं थरथरली नाही. मिशी पुरी झाली तरी बोट मात्र तिथंच होतं, हळूहळू आत जात होतं. शेंदूर अजून लोण्यासारखा होता. मला दिसलं की त्यांच्या बोटाला आतला दगड लागला आणि ते डोळे मिटून तिथंच थांबले.

"मास्तर, झालं का?" धुरपताबाईनं विचारलं.

"झालं," ते म्हणाले आणि बोट काढलं.

गालाच्या खाली खड्डा पडला होता. म्हातारीनं चिमूटभर शेंदूर घेऊन तो भरला आणि अंगठ्यानं सारखा केला.