पानावरचा हिरवा त्रिशूळ

महांतप्पांच्या पेरूच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. लोहारा गावाकडून जीपा भरभरून येत होत्या. सगळी बाग पिवळी पडलेली, आणि एका झाडाच्या पिवळ्याधमक पानांवर हिरवेगार त्रिशूळ उमटलेले!

"म्या फकस्त ह्या तांब्यातल्या तीर्थात बोट बुडवून पानावर फिरवलं," पाटावर बसलेले महाराज गरजले. "आठ दिसांत आई परगटली! पानात जीव आणतो, माणसात न्हाय आणणार?"

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. महांतप्पांची सून हर्षाली माझी विद्यार्थिनी. सातवा महिना, ओठ पांढरेफटक, चार पावलं चालली की धाप. नर्सताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या महाराजांनी उकिरड्यावर फेकायला लावल्या होत्या.

"गोळ्या न्हायत, खिळे हायत ते! लेकराला खिळे चारता व्हय? घागरीतलं तीर्थ पाजा. पान हिरवं झालं तशी पोर लाल हुईल!"

मी हर्षालीच्या सासूला, प्रेमाबाईंना बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. पर आमी डोळ्यानं बघितलंय."

मग डोळ्यांनाच दाखवायचं ठरवलं. कृषी दुकानातून हिराकस आणलं. हिराकस म्हणजे लोखंडाचं मीठ. ते पाण्यात विरघळवून महांतप्पांच्या देखत ब्रशनं एका पिवळ्या पानावर दोन शब्द लिहिले. आठवड्यानं महाराज आणि गर्दीसमोर पान दाखवलं. हिरव्या अक्षरात स्पष्ट उमटलं होतं: 'गोळी घे'.

"ही चुनखडीची जमीन," मी सांगितलं. "मातीत लोखंड आहे, पण चुन्यामुळं मुळांना ते घेता येत नाही. लोखंडाशिवाय पानात हिरवा रंग तयार होत नाही. जिथं लोखंड लावलं, तिथंच पान हिरवं झालं."

"मग झाड लोखंड खातं व्हय?" कुणीतरी विचारलं.

"खातं, आणि जपून ठेवतं. मोकळं लोखंड पेशीला जाळतं. म्हणून झाड प्रथिनाचे पोकळ गोळे बनवतं, फेरिटिन नावाचे. चोवीस तुकडे जुळून एक गोळा. आत हजारो कण कोंडायचे, लागतील तसे बाहेर काढायचे. झाडसुद्धा लोखंडाला खिळा म्हणून फेकत नाही. आपल्या रक्तालाही तेच लागतं."

मग मी महाराजांच्या तांब्यात हिरड्याची पूड टाकली. पाणी शाईसारखं काळं झालं. "हिरडा लोखंडाला असाच काळा करतो." तीच पूड घागरीत टाकली. पाणी जरासं पिवळट झालं, बस्स. पानाला लोखंड मिळालं होतं. हर्षालीला नुसतं पाणी.

"इटाळ झाला! पाप्याच्या हातानं तीर्थ काळं पडलं!" ओरडत महाराज जीपमध्ये बसले आणि गेले.

वाटलं, मी जिंकले. तेवढ्यात प्रेमाबाईंनी माझं पान तोडलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या पाया पडल्या. "बाईंच्या हातातबी आई हाय! हे पान पोरीच्या उशाखाली ठिवते."

"अहो, त्यावर काय लिहिलंय ते वाचा! गोळी द्या तिला!"

"व्हय व्हय," म्हणत त्या पान कपाळाला लावून निघाल्या.

मी नव्या गोळ्या हर्षालीच्या हातात दिल्या. ती हळूच म्हणाली, "मॅडम, मला कळतंय सगळं. पण घेतल्या तर सासूबाई आठ दिवस बोलत न्हाईत. आन् मालक त्यांच्या आईचंच ऐकतात."

मी घरी जात राहिले. नर्सताईही गेल्या. प्रत्येक वेळी चहा मिळाला, मान डोलावली गेली, आणि गोळ्या तशाच फडताळात राहिल्या.

बाळंतपणात रक्तस्राव थांबला नाही. अंगात मुळात रक्तच नव्हतं. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच हर्षाली गेली. बाळही राहिलं नाही.

भेटायला गेले तेव्हा महांतप्पा एवढंच बोलले, "आईची मर्जी."  महाराज आता परंड्याकडं आहेत, म्हणे. तिकडंही बागा पिवळ्या पडतात.

युक्ती उघडी पडली की माणसं जागी होतात, असं मी वर्गात शिकवत असे. आता तसं म्हणवत नाही. तरीही सांगते, कारण दुसरं काही हातात नाही. डोळ्यांनी पाहिलंत, ठीक. ते कशामुळं झालं हेही विचारा. आणि घरात गरोदर बाई असेल तर तिचं रक्त तपासून घ्या, गोळी रोज तुमच्या हातानं द्या. तिला एकटीला ती घेता येत नसेल.