आठवं धुणं

विष पकडायचं तर आधी विषाचाच साचा करावा लागतो. विषाच्या रेणूभोवती प्लास्टिक जमवायचं, मग विष धुऊन काढायचं. मागे नेमकी त्याच्या मापाची पोकळी राहते आणि पाण्यातलं विष तिथे येऊन अडकतं. कुठलं प्लास्टिक विषाला सर्वांत घट्ट धरेल, हे मी संगणकावर आधीच पडताळते. ह्या वेळी शेकडो जोड्या लावून पाहिल्या आणि पहिला नंबर डोळे मिटून उचलला. एवढी घट्ट पकड मी आजवर पाहिली नव्हती. आठवडाभर मी हवेत होते.

त्या प्लास्टिकचे बारीक मणी केले; ते धुऊन विष काढण्याचं काम प्रयोगशाळेतल्या तात्यांचं. सातव्या धुण्यानंतर ते माझ्या टेबलाशी आले.

"बाई, धुण्यात अजून विष येतंय. कणभर, पण येतंय. आठवं धुणं करतो."

"तुमच्या भांड्यालाच लागलं असेल. संगणक काय खोटं बोलतोय?"

"तो धरायचं सांगतो. सोडायचं विचारलंय का त्याला?"

नव्हतं विचारलं. म्हणून तर राग आला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणी नव्हते. मणी तसेच उचलले आणि पहिला फिल्टर धाकट्या भावाच्या घरी बसवला. त्यांच्या नळाला हेच विष, फवारणीचं औषध, येतं अशी कुजबुज होती, आणि भावजयीला तिसरा महिना होता.

पाच आठवड्यांनी गेले तर ती कौतुकाने म्हणाली, "ताई, बाहेरचा थेंब पीत नाही हो. चहा, भात, सगळं तुमच्याच पाण्यात."

तात्यांना खिजवायला मी दोन बाटल्या भरून आणल्या, एक नळाची, एक फिल्टरची. मशीनवर नळाच्या पाण्यात काहीच दिसलं नाही. फिल्टरच्या पाण्यात विषाची रेघ सरळ वर चढली.

"चिठ्ठ्या बदलल्या असतील," मी म्हटलं. अक्षर माझंच होतं. पुन्हा तपासलं. रेघ तेवढीच. नळ पहिल्यापासून स्वच्छ होता; पाच आठवडे विष माझे मणी सोडत होते.

 तात्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. माझ्या फोनवरून भावजयीचा नंबरही त्यांनीच लावला.

"बरं झालं फोन केलात, ताई! डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. हा चौथा पेला."

"खाली ठेव तो. आत्ता!"

आधी घोट ऐकू आला. मग ती म्हणाली, "का हो?"