बिनगाठीची कुंची

दाया गेल्या, दवाखाने आले, लाकडी पाळण्यांच्या जागी लोखंडी झुले आले, पण वालुरात कुणाच्या घरी बारसं असलं की कुंची नर्मदाबाईच्या हातचीच, हे काही बदललं नव्हतं. डोक्यावर टोपी आणि पाठीवर खाली सुटलेला पदर, असं ते तान्ह्या लेकराचं पांघरूण. शिवणाऱ्या बाया गावात आणखीही होत्या. पण त्यांच्या कुंच्या, नर्मदाबाईच्या शब्दांत सांगायचं तर, समोरून नवरी आणि मागून जखीण. तिची कुंची उलटी करून पाहिली तरी सुलटीच वाटायची. एकपदरी मऊ सुती कापड, अस्तर नाही, आणि सगळ्या कशिद्यात एकही गाठ नाही. गाठ तान्ह्याच्या अंगाला टोचते आणि त्याच्या नशिबालाही बसते, असं ती मानायची. दोऱ्याचं शेपूट दोन बोटं मागं सोडायचं आणि पुढचे टाके त्याच्यावरून न्यायचे, म्हणजे शेपूट आपोआप गाडलं जातं. एवढीच तर विद्या, पण ती गावात तिच्याशिवाय कुणाला साधली नव्हती आणि तिनंही कुणाला शिकवली नव्हती.

आता तर पणतीचंच बारसं. नात उत्तरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मुलगी झालेली, आणि बाराव्या दिवशी परभणीहून तिच्या सासरची मंडळी येणार. बाळ जन्मायच्या आधी सुईला दोरा लावायचा नाही, हा दंडकही नर्मदाबाईचाच. म्हणजे हातात दिवस बारा, आणि डोळ्यांत मोतीबिंदू.

मोतीबिंदू हा शब्द ती घरात कुणाला काढू देत नसे. दोन वर्षांमागं गावात डोळे तपासायचं शिबिर भरलं होतं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं बॅटरी मारून सांगितलं, आजी, दोन्ही डोळे पिकलेत. तर ही म्हणाली, आंबे हायत का पिकायला, आणि चप्पल घालून घरी आली. मुलगा बन्सीधर तेव्हापासून मागं लागलेला, सकाळी परभणीला नेतो आणि संध्याकाळी परत आणतो म्हणून. पण गल्लीतल्या आश्रुबानं ऑपरेशन करून घेतलं, तिसऱ्या दिवशी कडबा तोडायला बसला आणि डोळा सुजवून घेतला. नर्मदाबाईला तेवढं निमित्त पुरलं. खरी भीती तिनं कुणाला सांगितली नाही. आज अंधुक का होईना, दिसत होतं. उद्या तेवढंही गेलं तर कुंची गेली, आणि कुंची गेल्यावर या घरात ती कोण? कोपऱ्यात बसून भाकरीची वाट बघणारी एक म्हातारी.

म्हणून ती उन्हाच्या मागं मागं फिरायची. सकाळी ओसरीच्या पायरीवर, दहा वाजता न्हाणीच्या भिंतीजवळ, दुपारी पुढच्या दारात. पाट उचलायचा, दोऱ्यांचा डबा उचलायचा, दोन टाके घालायचे की ऊन सरकलं. पुन्हा उठायचं. पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारीचं काहीतरी हरवलंय. दोरा ती जिभेच्या शेंड्यावर सुई धरून ओवायची. सहा वेळा हुकला की सुया आजकाल बिनभोकाच्या निघायल्यात म्हणून कारखान्याला शिव्या घालायची. उत्तराला सांगता आलं असतं, पण बाळंतिणीनं डोळे ताणायचे नाहीत, हेही तीच चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. आणि सुनेला, राजेश्रीला, सांगायचा प्रश्नच नव्हता.

रंगांचीही तिनं तजवीज केली होती. हिरवा दोरा चिंचोक्यावर गुंडाळलेला, तांबडा मोडक्या बांगडीच्या तुकड्यावर, पिवळा हळकुंडावर, काळा सदऱ्याच्या जुन्या बटणावर. बोटानं चाचपलं की रंग कळला. डोळ्याला विचारायचं कामच नाही.

पिवळ्या कापडावर तांबड्या वेलीची किनार, आणि पाठीवर मधोमध एक मोठा हिरवा पोपट, असं तिनं ठरवलं होतं. पाचव्या दिवशी किनार झाली. शेजारची सगुणाबाई बघायला आली, कापड हातात घेऊन म्हणाली की वेल कशी छापल्यासारखी सरळ आलीय. नर्मदाबाईनं नुसती मान हलवली. पण सगुणाबाई गेल्यावर तिला काही चैन पडेना. वेल सरळ कशी आली? घालताना तर दोनदा सुई बोटात घुसली होती. एका वळणावर आपण घसरलो हे तिला हातानंच कळलं होतं, आणि उद्या उसवू म्हणून तिनं ते तसंच ठेवलं होतं. ते वळण आता कुठंच नव्हतं.

सहाव्या दिवशी अर्धा पोपट झाला. सातव्या दिवशी सकाळी कालचा टाका कुठं थांबला ते बघायला तिनं कापडाखालून बोट फिरवलं, आणि किनारीजवळ बोट अडलं. राळ्याच्या दाण्याएवढं काहीतरी. तिनं बोट मागं घेतलं, पुन्हा पुढं नेलं. गाठच होती. किनारीवरून बोट फिरवत गेली तर दुसरी सापडली, मग तिसरी, वळणापाशी तर दोन जवळजवळ. तिनं कापड ओठांशी नेलं आणि जिभेनं खात्री करून घेतली.

या हातानं सत्तर वर्षांत गाठ मारलेली नाही. म्हणजे या कुंचीत दुसरा हात फिरत होता.

त्या दिवशी ती जेवली नाही. भाकरी कच्ची राहिली म्हणाली. कुंची पेटीत ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. सगुणाबाई असेल? पण ती घरात येणार कधी? उत्तरा? ती तर खोलीतून बाहेर येत नाही. राजेश्रीचं नाव मनात आलं आणि तिनं ते झटकून टाकलं. राजेश्री चारठाण्याहून सून होऊन आली त्याला सव्वीस वर्षं झाली. आल्या आल्या हौसेनं कुंची शिवायला बसली आणि पहिल्याच टाक्याला गाठ मारली. नर्मदाबाईनं सुई तिच्या हातातून काढून घेतली होती, चार बायांच्या देखत, आणि गाठी मारायच्या असतील तर गोठ्यात दावी हायत, असं म्हणाली होती. तेव्हापासून त्या पोरीनं या घरात सासूसमोर सुई धरलेली नव्हती.

रोज दुपारी चारला नर्मदाबाई मारुतीच्या देवळात पोथी ऐकायला जायची. त्या दिवशीही निघाली. पण देवळापर्यंत जाऊन पाराला हात लावला आणि तशीच मागं फिरली. घराच्या कोपऱ्यावर येऊन थांबली. पुढच्या दारात, तिच्याच उन्हाच्या तुकड्यात, कुणीतरी मान खाली घालून बसलं होतं. चेहरा दिसेना. लुगड्याचा निळसर डाग तेवढा दिसत होता. पण दोरा उसवल्याचा चर्र आवाज तिला नीट ऐकू आला.

उत्तरा तिच्या पाठीमागून हळू आवाजात बोलत होती. "आई, अगं हा हिरवा नाहीच. आज्जीनं पोपट काळा केलाय."

"मला दिसायलंय की. पण डबा तर त्या चाचपून घेत्यात, चुकत न्हाईत कधी."

मग उत्तरा म्हणाली, की परवा मांजरीनं डबा सांडला होता, सगळे दोरे सुटून एकात एक गुंतले होते. तिनंच ते सोडवून परत गुंडाळले. हातात येईल तो दोरा, सापडेल त्याच्यावर. चिंचोक्यावर काय आणि बटणावर काय, तिला कुठं माहीत होतं.

राजेश्री उसवतच राहिली. चर्र, चर्र आवाज चालू होता. "मी करते हिरवा," ती म्हणाली. "मधीमधी त्यांचे दोन टाके ऱ्हाऊ देते. सांगू नको बाई. सुई सुटली तर त्या आठ दिवसांत हातरूण धरतील."

नर्मदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊन त्या दोघींच्या पुढ्यात उभं राहावं आणि अशी झाडावी की चारठाण्यापर्यंत ऐकू जावी, असं तिला वाटलं. एक पाऊल टाकलंही. पण काळा पोपट डोळ्यांपुढून हलेना. परभणीची विहीण कुंची उलगडते आहे, आणि पणतीच्या पाठीवर तांबड्या चोचीचा कावळा बसला आहे. ती मागं सरकली, गल्लीच्या तोंडाशी गेली, आणि तिथून मोठ्यानं खोकत, वाटेतल्या कुत्र्याला हाड हाड करत आली. दारात पोचली तोवर ऊन तेवढं तिथं होतं, माणूस नव्हतं. कुंची पेटीत घडी घालून ठेवलेली होती.

आठव्या दिवशी सकाळी ती पायरीवर बसली, पण कापड तिनं उघडलंच नाही. डब्याचं झाकण लावायची, काढायची. शेवटी आत हाक मारली. राजेश्री पिठाच्या हातानं बाहेर आली.

"हात धू अन् बस इथं."

राजेश्री बसली. नर्मदाबाईनं कुंची उलटी करून तिच्या मांडीवर टाकली आणि बरोबर त्या वळणावर बोट ठेवलं.

"तान्ह्याच्या कपड्याला गाठ मारायला कुणी शिकवलं तुला?"

सून काय बोलेल याची तिनं तयारी ठेवली होती. रडेल, माफी मागेल, मी नव्हे म्हणेल. राजेश्रीनं यातलं काहीच केलं नाही. त्या वळणावरून बोट फिरवत ती म्हणाली, "न शिकवल्यानं मारायलेय, आत्याबाई. गाठ मारू नको एवढं तुमी सांगितलं. मग काय करायचं ते सांगायच्या आधी सुई काढून घेतली."

नर्मदाबाईनं डब्याचं झाकण लावलं. तिनं नाक ओढलं, पदर सारखा केला, उगाच गल्लीकडं बघितलं.

"सव्वीस वर्षं तोंडात काय मूग धरल्ते का? विचारायचं की."

"तुमाला?" राजेश्री म्हणाली, एवढंच.

मग नर्मदाबाईनं सुई तिच्या हातात दिली आणि तिचा हात धरला. सुईसकट. चिमटीतली सुई तिच्या बोटांनी वळवली, दोऱ्याचं शेपूट दोन बोटं मागं सोडायला लावलं, पहिला टाका आडवा, दुसरा त्याच्यावरून. बगायचं न्हाई, बोटानं धर, असं दहादा सांगितलं. हात हाय का मुसळ, असंही पाचदा म्हणाली. चुकलं की उसवायला लावलं. दुपारपर्यंत दोघी उन्हाबरोबर तीन जागा बदलत सरकल्या, एकीच्या हातात पाट आणि दुसरीच्या हातात डबा. भाकरी त्या दिवशी बन्सीधरनं खानावळीतून आणल्या आणि कुणाला काही विचारलं नाही.

पुढचे तीन दिवस असेच गेले. जुन्या गाठी नर्मदाबाई बोटानं हुडकून द्यायची, राजेश्री त्या सोडवायची, नव्यानं टाके घालायची. पोपट मुळापासून उसवला. रात्री आडवी झाली तरी नर्मदाबाईचं बोट चादरीवरून फिरत राहायचं. अकराव्या दिवशी संध्याकाळी तिनं कुंची उलटी करून गालावर फिरवली, किनारीपासून टोपीच्या टोकापर्यंत. कुठंच अडलं नाही.

बारशाला परभणीहून जीपभर माणसं आली. उत्तराची सासू मधुवंतीबाई शाळेत शिक्षिका, चष्मा लावणारी, शुद्ध बोलणारी. बाळाला कुंची घातली, नाव श्रीनिधी ठेवलं, पाळणा म्हणून झाला. मधुवंतीबाईंनी कुंचीचा पदर उलटून पाहिला, बोट फिरवलं आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आजी, या वयात इतकं बारीक काम? मला तर चष्मा लावूनही सुई ओवता येत नाही."

सगुणाबाई लगेच म्हणाली की आमच्या नर्मदाबाईचे डोळे गेले म्हणणाऱ्यांना आणा म्हणावं इथं.

नर्मदाबाईनं मान ताठ केली. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. राजेश्री तर मेली तरी बोलली नसती. नर्मदाबाईनं पाळण्याची दोरी सोडली.

"पोपट माझा न्हाई," ती म्हणाली. "माझा कावळा झाल्ता. पोपट माझ्या सुनेनं केलाय."

बायांना आधी गंमत वाटली, त्या हसल्या. मग एकेकीनं वाकून पोपट नव्यानं पाहिला. कुणीतरी राजेश्रीला पुढं ओढलं.

नर्मदाबाईनं तिकडं तोंड वळवलं. राजेश्री उभी होती तिथं जांभळ्या रंगाचा एक डाग होता आणि त्याच्यावर चेहऱ्याएवढं धुकं. बांगड्या वाजल्या. डाग जरा हलला, थांबला, आणि घुगऱ्या आणते म्हणून आत गेला. हसली का ती? की डोळ्याला पदर लावला? की ओठ दाबून नेहमीसारखी निघून गेली? नर्मदाबाईला काही म्हणता काही समजलं नाही. शेजारी बसलेल्या उत्तराला विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हे विचारायचं तरी कसं?

पाहुणे जेवले, जीप गेली, अंगणात पत्रावळी राहिल्या. नर्मदाबाई पायरीवर बसली, उठली, दारापर्यंत गेली, परत आली. बन्सीधर सतरंज्या झटकत होता. तिनं त्याला जवळ बोलावलं.

"बन्सी, परभणीचा तो डोळ्याचा डॉक्टर सोमवारी असतो का?"

बन्सीधरच्या हातातली सतरंजी तशीच राहिली. तो म्हणाला, असतो की माय, पण अचानक काय झालं?

"तुझ्या बायकोचे टाके कितीक वाकडे हायत, ते बगायचंय मला," नर्मदाबाई म्हणाली, आणि आत भांडी वाजत होती तिकडं तोंड करून बसून राहिली.