पेलाभर दूध

“तोंड उघडा,” यमुना म्हणाली. डोळ्यांच्या दवाखान्यात बाकाला अडखळलेल्या पंढरीनाथनं निमूट तोंड उघडलं. दारूचा वास नव्हता. गेल्या दोन वर्षांत तो कधीच आला नव्हता. नवरा बेरकी झालाय, एवढंच तिनं त्यातून ताडलं होतं.

मिल बंद पडली तेव्हा मल्हारगंज वस्तीतल्या बाकीच्या कामगारांनी ठेले लावले, रिक्षा घेतल्या. हा कॉम्प्युटरच्या नव्या शोरूममध्ये दरवान लागला आणि महिन्याभरात काचेच्या दारावर आपटून घरी आला. मालक म्हणाला, भर दुपारी पिऊन येतो. यमुनेला ते लगेच पटलं. मिलमध्येही तो हट्टानं दिवसपाळीच मागायचा, कामचुकार कुठला! संध्याकाळी रस्त्यात तो धडपडायला लागला, की ती लाजून चार पावलं पुढे चालायची. नळावर बायकांना त्याची नक्कल करून दाखवायची. तरी अंगात ताकद यावी म्हणून स्वतः कोरा चहा पिऊन त्याला रोज पेलाभर दूध द्यायची, घट्ट वरण वाढायची. पेला मात्र आपटून ठेवायची. दारूनं आता डोळेही बिघडवले, असं वाटून तिनं त्याला इथं आणलं होतं.

डॉक्टर मंजिरीताईंनी रक्ताचा रिपोर्ट वाचला. त्यांनी सांगितलं, की प्रथिनं पचली की त्यातून एक पदार्थ तयार होतो आणि पेशींतलं एक एन्झाइम तो मोडून टाकतं. यांच्यात ते जन्मापासून जवळजवळ नाहीच. रक्तात साठलेल्या त्या पदार्थानं डोळ्याचा पडदा कडेकडून वाळत आलाय. अंधारात तर लहानपणापासून दिसत नसणार. आता दिवसाही नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपायची. डाळ अगदी मोजून खायची.

“आणि दूध?” यमुनेनं विचारलं.

“ते आधी बंद.”

ती नवऱ्याकडे वळली. “दिसत नाही, हे सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर मिलमध्ये कोणी ठेवलं असतं? आणि नंतर तू विचारलंस कुठे? वासच घेतलास.”

बाहेर तिचा भाऊ हरी स्कूटरला टेकून उभा होता. “काय, जिजाजींची दारू एकदम बंद ना?”

“दूध बंद,” ती म्हणाली.

हरी फिसकन हसला. कालपर्यंत तीही हसली असती. आज त्याचं ते वाकडं तोंड बघून, नळावर आपलंही असंच दिसत असेल, या विचारानं तिला किळस आली.

तिनं पंढरीनाथचा दंड धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला, भिंतीला हात लावला आणि पावलानं पायरीची कड चाचपत एकटाच खाली उतरू लागला.